देशी ट्यूब ॲम्प घ्यायचाय? आधी ट्रान्सफॉर्मर बघा, मग ट्यूब

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. पाश्चात्त्य देशांनी निर्बंध लादले आणि मार्चमध्ये रशियाने उत्तर म्हणून स्वतःच्याच दोनशेहून जास्त वस्तूंची निर्यात थांबवली. आपल्याकडे बातम्या होत्या सूर्यफूल तेलाच्या आणि पेट्रोलच्या. पण त्याच आठवड्यात जगभरातल्या गिटारवाल्यांमध्ये आणि हाय-फाय शौकिनांमध्ये वेगळीच पळापळ सुरू होती. रशियातल्या सारातोव्ह शहरात व्हॅक्यूम ट्यूबचा एक मोठा कारखाना आहे. सोव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, टंग-सोल, जिनालेक्स गोल्ड लायन असे वेगवेगळे दिसणारे ब्रँड प्रत्यक्षात तिथूनच बाहेर पडतात. तिथला माल अडकला म्हटल्यावर दुकानांतले साठे भराभर संपले. थोड्याच काळात निर्यात पुन्हा सुरू झाली, पण वाढलेले भाव काही जुन्या जागी आले नाहीत.

ही जुनी बातमी आत्ता काढायचं कारण म्हणजे 'मेड इन इंडिया ट्यूब ॲम्प' हा शब्दप्रयोग. हल्ली तो इन्स्टाग्रामवर बराच दिसतो. व्हिनाइलची हौस परत आली, रील्समध्ये केशरी चमकणाऱ्या काचेच्या नळ्या छान दिसतात, आणि भारतात हाताने असे ॲम्प्लिफायर बनवणारे छोटे कारागीर-इंजिनिअर खरंच आहेत. दिल्ली परिसरातल्या लिरिटा ऑडिओचं नाव या वर्तुळात सगळ्यांना माहीत असतं. आपल्या पुण्याच्या केडन्स ऑडिओने इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आणि व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर बनवून परदेशातही नाव कमावलं. म्हणजे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पण पहिल्या नोकरीच्या बोनसमधून एवढी मोठी रक्कम घालणार असाल, तर त्या डब्यातलं नेमकं काय देशी आहे आणि त्याचा तुम्हाला उपयोग काय, हे आधी समजून घ्यायला हवं.

ट्यूब म्हणजे काय, थोडक्यात

ट्यूब म्हणजे आजोबांच्या रेडिओतला व्हॉल्व्ह. काचेच्या नळीतली हवा काढून घेतलेली असते. आत एक तार तापते, तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि मधली जाळी त्यांचा प्रवाह कमी-जास्त करते. तुमच्या फोनमधल्या चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर जे काम करतात तेच, फक्त अंगठ्याएवढ्या नळीत आणि शेकडो व्होल्टवर. 'इंटिग्रेटेड' म्हणजे व्हॉल्यूमचं बटण, इनपुट निवडायचा स्विच आणि स्पीकर चालवणारा पॉवर विभाग, सगळं एकाच डब्यात. घरासाठी हाच प्रकार सोयीचा.

आवाजाबद्दल एक गोष्ट सरळ सांगतो. त्याच पैशात मिळणारा चांगला ट्रान्झिस्टर ॲम्प मोजमापात ट्यूबपेक्षा जवळपास नेहमीच सरस ठरतो. ट्यूब ॲम्प आवाजात स्वतःची थोडी भर घालतो. विशेषतः सिंगल-एंडेड प्रकारात ही भर मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे मूळ सुराच्या बरोबर वरच्या सप्तकातली असते, म्हणून ती कानाला खुपत नाही. कुणाला तो आवाज 'उबदार' वाटतो, कुणाला गुळगुळीत. दोघांचंही बरोबर. तुम्हाला आवडला तरच घ्या. 'जास्त शुद्ध आवाज' म्हणून कुणी विकत असेल तर नको.

आधी वजन विचारा

ऑनलाइन काही हजारांत मिळणारे 'ट्यूब ॲम्प' पाहिले असतील. पंजावर मावणारा डबा, वर दोन छोट्या ट्यूब, त्यांच्याखाली केशरी उजेड. त्यातल्या बहुतेकांत स्पीकर चालवायचं काम क्लास-डी चिप करते. ट्यूब असते ती सुरुवातीच्या टप्प्यात, चवीपुरती, आणि कित्येकदा तो केशरी उजेडही खाली लावलेल्या एलईडीचा असतो. वस्तू वाईट नाही, हॉस्टेलच्या खोलीत मस्त चालते. पण तो ट्यूब पॉवर ॲम्प नाही.

खोटं ओळखायची सोपी युक्ती म्हणजे वजन. प्रत्येक चॅनलला तीसेक वॅट देणारा खरा ट्यूब ॲम्प साधारण पंधरा-वीस किलोचा असतो. एवढं वजन काचेचं नाही. ते आहे आतल्या तीन ट्रान्सफॉर्मरचं: एक वीजपुरवठ्याचा आणि डाव्या-उजव्या चॅनलला एकेक आउटपुटचा. दीड किलोचा डबा 'फुल ट्यूब, ५० वॅट' म्हणत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

मग यातलं देशी किती?

सरकारी खरेदीसाठी २०१७ चा 'मेक इन इंडियाला प्राधान्य' हा आदेश आहे. त्यात पहिल्या वर्गाचा स्थानिक पुरवठादार म्हणजे मालाच्या किमतीत किमान ५० टक्के मूल्य इथलं असायला हवं. २० ते ५० टक्के असेल तर दुसरा वर्ग. तुमच्या-माझ्या खरेदीला हा नियम लागू नाही, पण मोजपट्टी म्हणून चांगला आहे. तो मनात ठेवून ॲम्पचं झाकण उघडू या. (खरोखर उघडू नका. आत चारशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ टिकून राहतात.)

ट्यूब: बाहेरच्या. ऑडिओच्या ट्यूब आज व्यापारी प्रमाणावर बनतात त्या प्रामुख्याने रशिया, चीन आणि स्लोव्हाकियात. स्लोव्हाकियातली जेजे ही कंपनी त्यातलं मोठं नाव. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकने जॉर्जिया राज्यातल्या रॉसव्हिल इथे ३००बी ही प्रसिद्ध ट्यूब पुन्हा बनवायला घेतली, पण ती महागड्या शौकिनांसाठी. भारतात नाही. नेहमी नव्हतं असं मात्र नाही! १९५४ साली बंगळुरूत स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. ठाण्यात मर्फीचा कारखाना होता त्या काळातली ही गोष्ट. ट्रान्झिस्टर आले आणि ते उत्पादन थांबलं. 'बेल'ची ईएल८४ ही ट्यूब आजही जुन्या साठ्यातून विकली जाते आणि परदेशी गिटारवाले ती शोधून घेतात, आणि नवा देशी ॲम्प मात्र परक्या ट्यूबवर चालतो.

हे बदलेल का? मला वाटत नाही. मार्च २०२५ मध्ये केंद्राने इलेक्ट्रॉनिक सुटे भाग देशात बनवायला २२,९१९ कोटींची योजना मंजूर केली. त्यात सर्किट बोर्ड, कॅमेरा मॉड्यूल, लिथियम-आयन सेल, म्हणजे तुमच्या फोनच्या पोटातल्या वस्तू आहेत. ट्यूब नाहीत, आणि नसणंच बरोबर आहे. एवढ्याशा बाजारासाठी काच, निर्वात आणि कॅथोडवरचा लेप यांचं जुनं तंत्र कोण उभं करणार?

कपॅसिटर आणि व्हॉल्यूमचं पोटेन्शिओमीटर हेही चांगल्या ॲम्पमध्ये बहुतेक वेळा आयात केलेलं असतं.

राहिलं काय? डिझाइन, चासी, आतलं वायरिंग आणि ट्रान्सफॉर्मर. आणि इथे देशी असण्याचा खरा अर्थ सुरू होतो.

लोखंड आणि तांबं

ट्यूबला तिच्या बाजूने काही हजार ओहमचा भार हवा असतो. स्पीकर असतो ८ ओहमचा. थेट जोडले तर ट्यूबची ताकद स्पीकरपर्यंत पोचतच नाही. मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो. समजा ट्यूबना ५००० ओहम हवेत: ५००० भागिले ८ म्हणजे ६२५, त्याचं वर्गमूळ २५. म्हणजे एका बाजूला तारेचे जितके वेढे, त्याच्या पंचविसावा भाग दुसऱ्या बाजूला. ऐकायला सोपं. पण या एकाच वस्तूने २० हर्ट्झचा खर्जही नीट जाऊ द्यायचा आणि २०,००० हर्ट्झची झांजही. खालच्या सुरांसाठी गाभ्यात भरपूर लोखंड आणि जास्त वेढे लागतात. जास्त वेढे घातले की वरचे सूर अडखळतात. म्हणून दोन्ही वाइंडिंग थरांमध्ये विभागून एकात एक गुंफावी लागतात. चांगल्या आणि सुमार ॲम्पमधला फरक सगळ्यात जास्त इथे पडतो. ट्यूब काय, दहा मिनिटांत बदलता येते. आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलणं म्हणजे जवळपास नवा ॲम्प.

हे काम भारतात चांगलं होऊ शकतं. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यासाठी खास सिलिकॉन पोलादाचे पत्रे लागतात. त्यातल्या उच्च प्रतीच्या, कणांची दिशा जुळवलेल्या पोलादाचा कारखाना आपल्या नाशिक जिल्ह्यात आहे. आधी तो थिसनक्रुपचा होता. २०२५ च्या सुरुवातीला जेएसडब्ल्यू आणि जपानच्या जेएफई यांच्या संयुक्त कंपनीकडे गेला. तो माल मुख्यतः महावितरणसारख्यांच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरसाठी आहे, तुमच्या ॲम्पसाठी नाही, आणि देशाची या पोलादाची बरीचशी गरज अजून आयातीवर भागते. पण धातू आणि ज्ञान दोन्ही इथे आहेत एवढं नक्की. शिवाय शेतीपंपाच्या मोटारी जळतात त्या कृपेने जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी रिवाइंडिंगचं दुकान असतं. ॲम्पचा वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर जळला तर जुन्याची मापं घेऊन तसाच दुसरा गुंडाळून देणारा माणूस आपल्याकडे सापडतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला मात्र तोच कारागीर लागतो, ज्याला थरांची मांडणी माहीत आहे. म्हणून विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न: आउटपुट ट्रान्सफॉर्मर तुम्ही स्वतः गुंडाळता, की विकत आणता? कुणाकडून? उत्तर द्यायला जो अडखळतो, तो बहुधा बाहेरून किट आणून जोडतोय. किट जोडण्यात गुन्हा काही नाही, फक्त मग 'देशी' म्हणून जास्तीचे पैसे मागू नयेत.

कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर दुसरा प्रश्न: वाइंडिंगला वार्निश नीट मुरवलंय का? दमट, खारट हवेत उघड्या पत्र्यांवर गंज चढायला दोन पावसाळे पुरतात.

२३० की २२०?

माझ्या मते देशी ॲम्पचा सगळ्यात व्यावहारिक फायदा हा आहे, आणि रिव्ह्यूमध्ये यावर क्वचित कुणी बोलतं. आपला अधिकृत पुरवठा २३० व्होल्टचा. प्रत्यक्षात रात्री उशिरा, शेजारपाजारचे एसी बंद झाले की आकडा वर सरकतो. आमच्या सोसायटीत अकरानंतर मल्टिमीटर २४५ दाखवतो. चीनमध्ये घरगुती पुरवठा २२० व्होल्टचा आहे, आणि तिथून थेट मागवलेल्या बऱ्याच ॲम्पचे ट्रान्सफॉर्मर २२० धरूनच गुंडाळलेले असतात.

आता हिशेब करा. २२० चा ट्रान्सफॉर्मर २४५ वर लावला की आतलं प्रत्येक व्होल्टेज ११ टक्क्यांनी वाढतं. ट्यूबच्या हीटरला हवेत ६.३ व्होल्ट, मिळतात ७. कारखान्यांची नेहमीची मर्यादा १० टक्के, ती ओलांडली. ट्यूबचं आयुष्य कमी होणार. मुख्य पुरवठा ४०० ऐवजी ४४५ वर, आणि तिथला कपॅसिटर ४५० व्होल्टचाच असेल तर तो रोज कड्यावर उभा. फोनचा चार्जर १०० ते २४० व्होल्ट बिनतक्रार खातो, कारण त्यातलं सर्किट स्वतःला सावरून घेतं. लोखंडी ट्रान्सफॉर्मरला ती अक्कल नाही. येईल ते तो त्याच प्रमाणात पुढे ढकलतो.

इथला कारागीर २३० किंवा २४० धरून ट्रान्सफॉर्मर गुंडाळतो, आणि चांगला असेल तर दोन्हींचे टॅप देतो. विचारून घ्या. चिनी ॲम्प आधीच घेतला असेल तर चांगला व्होल्टेज स्टॅबिलायझर त्याच्या किमतीत धरा.

आणि अर्थिंग. ट्यूब ॲम्पची चासी धातूची असते आणि आत चारशे व्होल्ट. भाड्याच्या जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे तार असेलच असं नाही. ॲम्प आणण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून फेज-अर्थ मोजून घ्या. ते फेज-न्यूट्रलएवढंच यायला हवं. यात कंजुषी नको.

एकट्या माणसाचा प्रोजेक्ट

देशी निर्मात्यांची कमकुवत बाजूही आहे. त्यांतले बरेच एक-दोन माणसांचे कारखाने आहेत. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक प्रश्न नेहमी विचारतात: हा कोड ज्या एकट्याला समजतो तो उद्या नोकरी सोडून गेला तर? ट्यूब ॲम्पला हाच प्रश्न विचारा. पाच वर्षांनी त्या गृहस्थांनी काम बंद केलं, तर तुमचा वीस किलोचा डबा कोण दुरुस्त करणार?

याचं उत्तर सर्किट डायग्राममध्ये आहे. ट्यूब ॲम्पचं सर्किट एका पानावर मावतं. कुठल्या बिंदूवर किती व्होल्ट असायला हवेत हे लिहिलेला डायग्राम हातात असेल, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतला जुना जाणता मेकॅनिक तो ॲम्प उभा करू शकतो. हे तंत्र सत्तर-ऐंशी वर्षं जुनं आहे, त्यात लपवण्यासारखं फार काही उरलेलं नाही. म्हणून जो निर्माता 'ट्रेड सिक्रेट' म्हणून डायग्राम द्यायला नकार देतो, त्याच्याकडून मी घेणार नाही. आवाज कितीही गोड असो.

जीएसटीचं बिलही मागाच. 'बिल नको असेल तर थोडं कमी करतो' हे वाक्य ऐकू येईल. बिल असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी. आणि ई-कॉमर्स साइटवरून आयात वस्तू घेत असाल तर तिचा मूळ देश दाखवणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. भारतीय नावाचा ब्रँड असेल तरी तो रकाना वाचा.

कुठली ट्यूब, किती वॅट

२०२२ ने जे दाखवलं ते इथे कामाला येतं. ईएल३४, ईएल८४, केटी८८, ६एल६ आणि छोट्यांमध्ये १२एएक्स७ या ट्यूब रशिया, स्लोव्हाकिया, चीन तिन्हीकडे बनतात. एक दार बंद झालं तर दुसरं उघडं. त्यांच्यावर बांधलेला ॲम्प घ्या. जुन्या सोव्हिएत साठ्यातल्या दुर्मिळ ट्यूबवर चालणारे ॲम्प दिसायला भन्नाट असतात, पण तो साठा संपणार हे ठरलेलं आहे. पॉवर ट्यूब साधारण दोन ते पाच हजार तास चालतात. रोज तीन तास ऐकलं तर वर्षाला अकराशे तास होतात, म्हणजे दोन-चार वर्षांनी नवा संच. हा खर्च सुरुवातीलाच धरा. बायस आपोआप सांभाळला जातो की ट्यूब बदलल्यावर हाताने लावावा लागतो, हेही विचारा. पहिल्यांदाच घेत असाल तर आपोआप बरा.

वॅटचं गणित स्पीकर ठरवतो. बाजारातले साधे बुकशेल्फ स्पीकर १ वॅटला, १ मीटरवर ८७ डेसिबलच्या आसपास आवाज देतात. ३००बीचा ८ वॅटचा ॲम्प लावला तर वरची मर्यादा ९६. ईएल३४ च्या ३० वॅटच्या पुश-पुलला १०२ च्या जवळ. दोन-अडीच मीटर लांब बसल्यावर त्यातले काही डेसिबल गळतात. गझल, शास्त्रीय, जुनी गाणी एवढंच दहा बाय बाराच्या खोलीत ऐकायचं तर ८ वॅटही निभावतील. अजय-अतुलचं ढोल-ताशाचं गाणं मोकळेपणी वाजायला हवं असेल तर नाही. उलट, २० आणि ४० वॅटमध्ये फरक फक्त ३ डेसिबलचा आहे, त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका.

फोन जोडायची काळजी नको. यूएसबी-सीचा साधा डोंगल १ व्होल्टच्या आसपास सिग्नल देतो आणि बहुतेक इंटिग्रेटेड ॲम्पला पूर्ण ताकदीसाठी तेवढा पुरतो. ब्लूटूथ बोर्ड आतच बसवलाय म्हणून पाच हजार जास्त मागत असतील तर नको म्हणा. पाच वर्षांत ब्लूटूथ जुनं होईल, ॲम्प नाही.

चार ईएल३४ चा ॲम्प गाणं नसतानाही दीडशे वॅटच्या आसपास वीज खातो. रोज तीन तास म्हणजे महिन्याला तेरा-चौदा युनिट. बिलापेक्षा उष्णतेचा विचार करा: नागपूरच्या मे महिन्यात बंद खोलीत हे प्रकरण रंगत नाही. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर ट्यूबवर जाळी हवीच, काच चटका देते. आणि स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब ॲम्प सुरू करून गाणं लावायचं नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला भार मिळाला नाही तर त्यात उसळणारं व्होल्टेज इन्सुलेशन फोडू शकतं.

डेमोला जाल तेव्हा स्वतःचे स्पीकर घेऊन जा, जमत नसेल तर निदान स्वतःची गाणी. ॲम्प अर्धा तास तापू द्या. मग गाणं बंद करून, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून स्पीकरला कान लावा. बारीकशी गुणगुण चालते, पण ती दोन हातांवरून ऐकू येत असेल तर पुढची गाणी ऐकत बसू नका. मग ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवा. कोमट ते गरम ठीक, पण दहा सेकंद हात टिकत नसेल तर तो कमी लोखंडात बसवलेला आहे, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो तुमच्या घरी असणार आहे.